मॅडम एंगेज आहेत

शनिवारी सकाळी मल्लिकार्जुनअप्पा तोंडारे यांनी अंघोळ केली, कपाळाला विभूती लावली आणि घरात जाहीर करून टाकलं, की राजूची सोयरीक आज ते एका फोनवर पक्की करणार.

"मध्ये माणूस घालायचा न्हाई," ते बायकोला म्हणाले. "माणूस आला की इकडचं तिकडं आन् तिकडचं इकडं. मी सरळ पोरीच्या वडलांना, हुडे सरांना फोन लावतो, होकार कळवतो, तारीख काढून घेतो. हा च्या गार व्हायच्या आत काम फत्ते."

"मग आधी च्या घ्या," उमादेवी म्हणाल्या. त्यांना नवऱ्याचा अनुभव होता.

नांदेडच्या मोंढ्याजवळ अप्पांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. दुकानामागं गॅरेज, वर राहतं घर. रस्त्यानं जाणाऱ्या ट्रॅक्टरचा नुसता आवाज ऐकून त्याचं काय दुखतंय ते अप्पा सांगत, आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघे. त्यावरून आपल्याला माणसंही अशीच आवाजावरून कळतात, असा त्यांचा समज झाला होता. तो अजून कुणी तपासून पाहिला नव्हता.

त्यांचा मुलगा राजशेखर, म्हणजे राजू, किनवटला सरकारी खात्यात अभियंता होता. पोरगं गुणी, पण मुली बघायच्या बाबतीत अवघड. कुठलीही मुलगी बघून आलं की "बघू" म्हणायचं आणि पुढं काही बघायचं नाही. उदगीरच्या अमृतराव हुडे सरांची अक्षरा बघून आल्यावर मात्र गोष्ट वेगळी झाली. अक्षरा नायगावच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. चहापोह्यांच्या वेळी तिनं राजूला पगार विचारला नाही, बदली विचारली नाही. "तुमच्या किनवटला सागाला फुलोरा कधी येतो?" एवढंच विचारलं. राजूला सांगता आलं नाही. परत गेल्यावर तो मुद्दाम रानात जाऊन बघून आला, फोटो काढून तिला पाठवला, आणि मग आईला फोन करून म्हणाला, "आई, मला पसंत हाय." एवढं सरळ वाक्य त्याच्या तोंडून घरात पहिल्यांदाच ऐकलं गेलं होतं.

म्हणून अप्पांनी आज फोन हातात घेतला होता.

लावला. कानाला धरला. खाली ठेवला.

"काय म्हणाले?" उमादेवींनी विचारलं.

"एंगेज हाय."

उमादेवींच्या हातातली बशी कलंडली. "आवं, कुणासंगं?"

"पोरगी न्हाई गं, फोन. सरांचा फोन एंगेज लागून राहिला."

"मग नीट सांगावं की. जीव गेला असता माझा."

पुढं तासभर फोन तसाच लागत राहिला. अमृतराव सर निवृत्त होईपर्यंत उदगीरच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, आणि आता जो कुणी फोन करेल त्याला शिकवायचे. इंग्रजी शब्द कुठून आला, कुणाच्या पोटी जन्मला, वाटेत त्याचं काय काय झालं, हे सांगायचा त्यांना नादच होता. समोरचा माणूस ऐकतोय की गेला, याची ते फिकीर करत नसत. मुलगी बघायला गेल्यावरही त्यांनी अप्पांना 'ट्रॅक्टर' या शब्दाची सगळी वंशावळ ऐकवली होती. आयुष्यभर ट्रॅक्टरच्या पोटात हात घातलेल्या अप्पांना त्यातलं एकही अक्षर ओळखीचं वाटलं नव्हतं.

शेवटी फोन लागला तेव्हा अप्पा खाली गॅरेजात होते आणि त्यांचा मिस्त्री रामलिंग एका ट्रॅक्टरखाली आडवा पडला होता.

"शरणार्थ, सर. मी मल्लिकार्जुन. आमच्या घरी सगळ्यांच्या मनाला आलंय. आमच्याकडून होकार. आता एंगेजमेंट कधी करायची तेवढं सांगा."

सरांचा आवाज आनंदानं भरून आला. "अप्पासाहेब, किती योग्य शब्द वापरलात तुम्ही. एंगेज. तुम्हाला माहीत आहे, हे क्रियापद मूळ कुठलं?"

अप्पांना ते गिअरबॉक्समधलं वाटत होतं. गिअर एंगेज होतो, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. पण सोयऱ्यापुढं कशाला बोला, म्हणून ते म्हणाले, "न्हाई, सर."

"फ्रेंच. त्यात जो गेज आहे ना, गेज म्हणजे गहाण. तारण. एंगेज करणं म्हणजे मुळात गहाण टाकणं."

"गहाण?"

"गहाण. आपण बँकेत मॉर्गेज म्हणतो, ते त्याचंच भावंड. आणि गंमत बघा, लग्न करणं याला इंग्रजीत वेड म्हणतात, तेही मागं जाऊन त्याच घराण्याला मिळतं."

"लग्न म्हंजे वेड?"

"अगदी बरोबर. वेड, वेडिंग."

अप्पा विचारात पडले. एवढ्यात रामलिंगनं ट्रॅक्टरखालून बाहेर येऊन तो चालू केला. पुढचं सगळं त्या धडधडीत बुडालं. अप्पांनी एक कान बोटानं बंद केला, दुसऱ्या कानावर फोन दाबला, तरी तुकडेच आले.

"...म्हणजे तुमचा मुलगा... आमच्याकडं गहाण... असंच समजा की... सोडवून घेता येत नाही... समक्ष..."

आणि फोन तुटला.

अप्पा तिथंच टायरवर बसले. रामलिंगनं ट्रॅक्टर बंद करून विचारलं, "जमलं का, अप्पा?"

"रामलिंग, एंगेज म्हंजे काय रे?"

"गिअर बसला म्हंजे एंगेज."

"आन् माणूस?"

रामलिंगनं हात पुसत विचार केला. "माणसाला गिअर नसतंय, अप्पा."

वर येऊन अप्पांनी ऐकलं तसं उमादेवींना सांगितलं. तुकडे होते, ते त्यांनी आपल्या परीनं जोडले. गहाण, तारण, तुमचा मुलगा आमच्याकडं, परत सोडवून मिळणार नाही. उमादेवी ऐकता ऐकता भिंतीला टेकून खाली बसल्या.

"घरजावई," त्या म्हणाल्या.

"काय?"

"घरजावई पाहिजे त्यांना. एकुलती एक पोरगी हाय. सरळ कसं म्हणावं, म्हणून इंग्रजीत म्हणायलेत."

"असं कसं म्हणतील? शिकलेला माणूस हाय."

"म्हणून तर गोड बोलून म्हणायलेत. आठवून बघा. आपण गेलो तवा राजूला माडीवर नेऊन ती खोली कशाला दाखवली? उजेड चांगला येतो म्हणं, वारा चांगला येतो म्हणं. आपल्याला काय करायचंय त्यांच्या वाऱ्याला?"

अप्पांना खोली आठवली. सर राजूच्या खांद्यावर हात ठेवून त्याला वर घेऊन गेले होते आणि बराच वेळ खाली आले नव्हते, हेही आठवलं. एकुलता एक मुलगा त्यांनाही होता.

दुपारपर्यंत सरांचे दोन-तीन फोन येऊन गेले. अप्पांनी एकही उचलला नाही. फोन वाजला की ते त्याच्याकडं साप बघितल्यासारखं बघत आणि तो थांबला की घाम पुसत. शेवटी त्यांनी ठरवलं, बापाशी बोलण्यात अर्थ नाही, पोरगी समजूतदार दिसते, तिलाच विचारावं. तिचा नंबर राजूकडं होता, पण त्याला मागितला तर का, कशाला, असे दहा प्रश्न आले असते. रामलिंगनं मोबाईलवर शोधून नायगावच्या कॉलेजचा नंबर काढून दिला.

फोन तिथल्या मारोती नावाच्या शिपायानं उचलला. आवाजावरून अप्पांना तो भला माणूस वाटला. तो भला होताच.

"हुडे मॅडम हायेत का?"

"मॅडम एंगेज हायेत."

सकाळी फोनवरून उमादेवींचा जीव जायचा राहिला होता, ते आठवून अप्पांनी नीट विचारून घेतलं. "म्हंजे, फोनवर हायेत का?"

"फोनवर कशाला? फोन तर माझ्या हातात हाय. मॅडम एंगेज हायेत, वर."

"कधीपासून?"

"सकाळधरनं. आधी स्वतःचं केलं, आता गायकवाड सरांचं एंगेज करून राहिल्या."

"गायकवाड सर कोण?"

"हायेत इथलेच. लातूरला गेल्यात आज."

"त्यांच्या माघारी?"

"माघारीच करावं लागतंय. ते इथं असते तर मॅडमनी कशाला केलं असतं?"

"आन् हे सरांना मालूम हाय?"

"वाह. त्यांनीच फोन करून सांगितलं ना, माझं तेवढं एंगेज करून घ्या म्हणून. मॅडम लई भल्या हायेत, साहेब. कुणीबी सांगू द्या, न्हाई म्हणत न्हाईत. मागच्या आठवड्यात देशमुख सरांचं केलं."

"देशमुख सर बी?"

"त्यांची तब्येत बरी नव्हती."

"प्राचार्य काही बोलत न्हाईत?"

"ते कशाला बोलतील? खूश हायेत ते. सही त्यांचीच असती."

"मग हे... हे कधीवर चालणार?"

"मार्चपर्यंत," मारोती म्हणाला. "मार्चला संपतंय सगळं. मग उन्हाळाभर काही न्हाई. जूनमध्ये परत नव्यानं. तुम्ही कोण बोलून राहिले म्हणलं? काही निरोप सांगू का?"

"न्हाई," अप्पा म्हणाले. "निरोप न्हाई."

अप्पांनी हे सगळं उमादेवींना सांगितलं. उमादेवींचा आधी विश्वासच बसेना. पोरगी किती साधी, डोक्यावरून पदर घेऊन पाया पडली होती, आणि हे काय भलतंच? मग त्यांनी व्यवहाराचा प्रश्न विचारला.

"एवढे सर असताना त्यांना आपला राजू गहाण कशाला पाहिजे?"

अप्पांनी सगळं एकदा जुळवून बघितलं. बाप म्हणतो पोराला गहाण टाका, पोरगी मार्चपर्यंत दोन-दोन सरांशी बांधलेली, प्राचार्य वरून सही करतो. आजवर कुठल्याही बिघाडाचं मूळ त्यांना सापडलं नाही असं झालं नव्हतं. हा बिघाड मात्र जिथं हात लावावा तिथं वेगळाच आवाज करत होता.

संध्याकाळी राजूचाच फोन आला. "अप्पा, झालं का बोलणं?"

उमादेवींनी खुणेनं सांगितलं, सांगून टाका. गहाणाचं सांगवेना, सरांचं तर त्याहून सांगवेना. शेवटी त्यांनी सगळ्यात सौम्य शब्द निवडला.

"राजू, ती पोरगी एंगेज हाय रे."

पलीकडं कुठंतरी बकऱ्या ओरडत होत्या.

"कुणी सांगितलं?"

"कॉलेजातून कळलं. पक्की खबर हाय."

"बरं," राजू म्हणाला, आणि फोन ठेवला.

अप्पांना तो 'बरं' रुतला. पोरगं लहानपणापासून असंच होतं. सायकलवरून पडून गुडघा फुटला तरी 'बरं हाय' म्हणून घरात यायचं. थोड्या वेळानं त्यांनीच फोन लावला.

"मी तिला मेसेज केला," राजू म्हणाला. "एंगेजमेंटबद्दल अभिनंदन, म्हणून."

"मग?"

"थँक्यू म्हणाली."

"म्हंजे खरंच हाय तर."

"वर म्हणाली, तुमचंही अभिनंदन."

"तुझं कशाचं?"

"काय माहीत, अप्पा. सुटलो म्हणून आसंल." राजू पुढं म्हणाला, "हसणारी चित्रं बी पाठवली तिनं. मी न्हाई येत ह्या रविवारी."

त्या घरात त्या दिवशी कुणी धड जेवलं नाही. उमादेवींनी भाकरी टाकल्या आणि तशाच झाकून ठेवल्या.

पण रविवारी सकाळच्या गाडीनं राजू आलाच. किनवटच्या खोलीत एकट्याला बसवेना, असं काही तो म्हणाला नाही. साहेबांकडं काम आहे म्हणाला. रविवारी कुठले साहेब भेटतात, ते अप्पांनीही विचारलं नाही. तो आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडला.

तासाभरानं खाली मोटार थांबल्याचा आवाज आला. अप्पांनी सवयीनं कान दिला, पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलंय हे ओळखलं, आणि खिडकीतून डोकावले तर हुडे सर उतरत होते. सोबत त्यांची बायको आणि वाटेत नायगावहून घेतलेली अक्षरा. सरांच्या हातात पेढ्यांचा मोठा पुडा होता.

"आले," अप्पा म्हणाले. "न्यायला आले ह्याला."

उमादेवींनी पदर खोचला. आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी लावली. आपला मुलगा तीस वर्षांचा आहे, हे त्या घाईत त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

पाहुणे वर आले. पाणी दिलं गेलं. पाण्यानंतर चहा येतो, तो आला नाही. सर खुर्चीच्या कडेवर बसून सगळ्यांकडं बघून हसत होते.

"काल आपला फोन तुटला, नंतर तुम्ही कामात असणार, उचलला नाही," ते म्हणाले. "मी म्हटलंच होतं समक्ष बोलू. म्हणून समक्षच आलो. मग अप्पासाहेब, कधी एंगेज करायचं?"

"सर," उमादेवी म्हणाल्या, "राग येऊ देऊ नका, पण आम्ही पोरगा गहाण टाकायला जन्माला न्हाई घातला."

सरांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला आनंद निघून गेला. त्यांनी बायकोकडं बघितलं. बायकोनं त्यांच्याकडं बघितलं, आणि ती नजर अशी होती की हे असं काहीतरी एक दिवस होणार, हे तिला लग्नापासून माहीत असावं.

"काय सांगितलं तुम्ही ह्यांना फोनवर?" तिनं विचारलं.

"मी? मी फक्त मूळ सांगितलं."

"कशाचं?"

"क्रियापदाचं."

"तुमचा मुलगा आमच्याकडं गहाण, सोडवून मिळणार न्हाई," अप्पा म्हणाले. "माझ्या कानानं ऐकलं, सर. आन् माडीवरची खोली दाखवली, तीबी आम्ही विसरलो न्हाई."

"अप्पासाहेब, मी म्हणालो, तुमचा मुलगा आमच्याकडं गहाण आणि आमची मुलगी तुमच्याकडं गहाण. मध्ये वाक्याचा अर्धा भाग होता."

"मध्ये आमचा ट्रॅक्टर होता," अप्पा हळूच म्हणाले.

"आणि खोली म्हणाल," सरांची बायको म्हणाली, "तर तिथं माणसाला पाय ठेवायला जागा न्हाई. सगळी ह्यांची पुस्तकं. नवा माणूस घरात आला की ह्यांना तो वर नेऊन दाखवायचा असतो. तुमच्या मुलानं शब्द न काढता ऐकून घेतलं, तवाच मी म्हणलं, हा जावई टिकंल."

उमादेवींचा खोचलेला पदर थोडा सैल झाला. पण अप्पांच्या मनात दुसरी गाठ होती, आणि ती सुटल्याशिवाय त्यांना श्वास येणार नव्हता. मुलीसमोर विचारायची लाज वाटत होती. विचारल्याशिवाय राहवतही नव्हतं. शेवटी त्यांनी फरशीकडं बघत विचारलं.

"सर, ते एक झालं. पण तुमच्या मुलीचं त्या गायकवाड सरांसंगं काय हाय, तेबी सांगून टाका. देशमुख सर बी हायेत म्हणं."

सर उभे राहिले. त्यांची बायकोही उभी राहिली. अक्षरा मात्र बसूनच होती.

"गायकवाड सर?" ती म्हणाली. "ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठे आहेत. त्यांची मुलगी माझ्या वर्गात आहे. त्यांचं मी काय केलं?"

"एंगेज," अप्पा म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"तुमच्याच कॉलेजातून. शिपायानं. सकाळी स्वतःचं केलं, मग गायकवाड सरांचं केलं. ते लातूरला गेले म्हणून त्यांच्या माघारी. देशमुख सरांची तब्येत बरी नव्हती म्हणून त्यांचं. मार्चपर्यंत चालणार हाय. प्राचार्य सही करतेत. हे सगळं त्यांनी सांगितलं, मी पदरचं एक अक्षर न्हाई घातलं."

अक्षरानं दोन्ही हात तोंडावर धरले. अप्पांना वाटलं पोरगी रडते. उमादेवींनाही तसंच वाटलं, त्या पुढं झाल्या. पण खांदे हलायला लागले आणि बोटांच्या फटीतून जो आवाज निघाला तो रडण्याचा नव्हता.

"तास," ती कशीबशी म्हणाली. "तास, अप्पा. तास घेतला मी त्यांचा. कॉलेजात तास घेणं याला तास एंगेज करणं म्हणतात. सर रजेवर गेले की त्यांचा तास दुसरं कुणीतरी एंगेज करतं."

अप्पांनी बोटावर मोजायला घेतलं.

"आन् मार्चपर्यंत?"

"माझी नेमणूक मार्चपर्यंत आहे. जूनमध्ये नवीन निघते."

"आन् प्राचार्यांची सही?"

"हजेरीपटावर."

अप्पा खुर्चीत मागं टेकले. कालपासून पोटात जो दगड होता तो एकदम विरघळला आणि त्या जागी दुसरं काहीतरी येऊन बसलं, ते बहुतेक शरम असावी. "तो मारोती भला माणूस हाय," ते एवढंच म्हणाले.

तेवढ्यात आतल्या खोलीच्या दारावर थाप पडली. "आई, कडी काढ."

उमादेवी लगबगीनं उठल्या. राजू बाहेर आला, केस विस्कटलेले, गालावर चटईचे वळ. त्यानं आतून सगळं ऐकलं होतं. तो इतरांकडं न बघता सरळ अक्षरापुढं जाऊन उभा राहिला.

"मी अभिनंदन म्हणलं तर तुम्ही थँक्यू म्हणालात."

"तुमच्या अप्पांनी होकार कळवला, असं बाबा सांगत होते. तेवढ्यात तुमचा मेसेज आला. मला वाटलं, तुम्ही आपल्याच साखरपुड्याचं म्हणताय."

"आन् मग, तुमचंही अभिनंदन?"

"तो काय माझा एकटीचा होता का?" अक्षरा म्हणाली.

राजूनं विस्कटलेले केस दोन्ही हातांनी नीट केले, आणि उमादेवी डोळे पुसत चहा टाकायला आत गेल्या.

अमृतराव सर एवढा वेळ गप्प होते. त्यांच्यासाठी तो फार वेळ होता. "यात चूक कुणाचीच नाही," ते आता मोकळेपणानं म्हणाले. "क्रियापदच तसं आहे. गहाणापासून निघालं, मग वचन देणं झालं, मग लग्नाचं वचन, मग नोकरीला ठेवणं, कामात गुंतणं, गिअरच्या दात्यात दाता अडकणं. इतकंच काय, लढाईत शत्रूशी भिडणं, त्यालाही एंगेज होणंच म्हणतात."

"तेबी झालं आत्ता," उमादेवी आतून म्हणाल्या.

पेढे वाटले गेले. चहा आला, त्यापाठोपाठ परत चहा आला. राजू आणि अक्षरा गच्चीवर गेले. तिथून काय दिसतं म्हणाल तर मोंढ्याचे पत्रे आणि एक कडुनिंब दिसतो, पण ते बराच वेळ खाली आले नाहीत. इकडं मोठ्यांनी कॅलेंडर काढलं. सगळ्यांना सोयीचा एक गुरुवार निघाला. सरांनी तोंड उघडायच्या आत त्यांच्या बायकोनं जाहीर केलं, की आजपासून या घरात आणि त्या घरात ह्याला फक्त साखरपुडा म्हणायचं, दुसरा शब्द काढायचा नाही. सगळ्यांनी ते मान्य केलं.

आता उरलं होतं ठिकाण. अप्पांना पुन्हा हुरूप आला. "त्याची फिकर सोडा," ते म्हणाले. "मंगल कार्यालयाचा मालक आपलाच माणूस हाय. त्याचा ट्रॅक्टर माझ्याकडंच असतो. एका फोनमध्ये पक्कं करतो."

त्यांनी फोन लावला. तो लगेच लागला. अप्पांनी दिवस सांगितला, वेळ सांगितली. मग ते ऐकू लागले. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. "हाव," ते म्हणाले. "हाव, कळलं. दुसरा शब्द न्हाई का तुमच्याकडं? बरं, ठेवतो."

"काय म्हणाले?" तिघांनी एकदम विचारलं.

अप्पांनी आधी सरांकडं बघितलं, मग उमादेवींकडं, मग हातातल्या फोनकडं. आत्ताच सगळ्यांनी मिळून केलेला ठराव मोडायची त्यांची हिंमत झाली नाही.

"त्या कार्यालयाचं," ते म्हणाले, "गुरुवारी दुसरीकडं जमलंय."